नडगीभर पाणी

सकाळी दहाला ग्रामपंचायतीचं कुलूप मी काढायचे आणि माझा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत आबा दारात येऊन उभे असायचे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब दांड्याची लोखंडी चावी, आणि पाय ओले. रामराम नाही, काही नाही. "लिव," म्हणायचे, "नडगीला दोन बोटं कमी."

हे ते ओढ्यातल्या एका डोहाच्या पाण्याबद्दल सांगत. आबा आमच्या ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी. कोणत्या आळीला किती वेळ नळ सोडायचा, टाकीत पावडर किती टाकायची, हे त्यांचं काम. त्या डोहाशी ग्रामपंचायतीचा काडीचा संबंध नव्हता. तरी डोहाची खोली आमच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात रोज लिहिली गेलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. मोजमापही फुटात नाही, स्वतःच्या पायावर. पावसाळ्यात मांडी, दिवाळीला गुडघा, संक्रांतीनंतर नडगी, वैशाखात घोटा, आणि मधली घट बोटांत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीवर पेन टेकवून विचारलं, 'नडगी वजा चार बोटे' हा काय प्रकार आहे. आबांनी शांतपणे आपला पाय खुर्चीवर ठेवला आणि नडगीवर चार बोटं आडवी लावून दाखवली. साहेबांनी मुकाट्याने पुढचं पान उलटलं.

घड्याळाचंही तेच. मनगटाला घड्याळ नाही, मोबाईल होता तो घरी खुंटीला टांगलेला. वरच्या आळीला नळ सोडला की ते एक बिडी पेटवून दगडावर ठेवायचे. ओढायचे नाहीत. ती आपोआप विझली की व्हॉल्व्ह बंद. खालच्या आळीला दोन बिड्या, कारण तिथली पाइपलाइन लांब. वारा सुटला की बिडी लवकर जळते आणि पाणी लवकर जातं, अशी तक्रार घेऊन बायका ऑफिसात यायच्या. मग आबा वाऱ्याच्या दिवशी अर्धी बिडी जास्त द्यायला लागले. मी त्यांना एकदा म्हणाले, आबा, भिंतीवर घड्याळ आहे ना. ते म्हणाले, घड्याळ थांबतं आणि सांगत नाही, बिडी तरी विझलेली दिसते.

मी ह्या गावची सून. माहेर संगमनेरकडचं, कालव्याखालचं. तिकडे रोटेशन आलं की पाणी शेताच्या कडेने रात्रंदिवस वाहतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. इथे, पाथर्डीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी लग्न होऊन आले तेव्हा ओढा म्हणजे आठ महिने नुसती वाळू असते हे पाहून मला रडू आलं होतं. दिवाळीच्या आसपास निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघून जातं. तेही माझ्या माहेराकडेच. मी इकडे आले आणि गाव तिकडे चाललं, असं मी सासूबाईंना म्हणायचे, आणि त्यांना ते आवडत नसे.

बी.ए.ला माझा विषय मराठी होता. ग्रामपंचायतीत संगणक परिचालकाची जागा मला मिळाली ती टायपिंगवर, पण खरा अभिमान होता तो शुद्धलेखनाचा. लोकांनी आणलेल्या अर्जात ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नसे. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्या नमुन्यांवर मीच ते बदललं आणि एकाही कागदावर जुनं राहू दिलं नाही. मी तेव्हा अशी होते. अजूनही असेन.

आता त्या डोहाचं. त्यात मासे होते. पण आबा त्यांना मासे म्हणत नसत, 'मंडळी' म्हणत. आमच्याकडे मंडळी म्हणजे बायको. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी नेवाशाकडे दिलेली, त्यामुळे पारावर टवाळीला जोर चढायचा. कुणीतरी मुद्दाम विचारायचं, काय आबा, मंडळी बरी आहे ना? आबा थांबून सगळं सविस्तर सांगायचे. आज चौदा दिसली. एक पोटाने जड वाटते. काल खंड्या येऊन बसला होता, त्याला हुसकला. ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची आणि आबा चावी खांद्यावर टाकून निघून जायचे. आपल्याला हसतात हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. विचारलं ना, मग सांगायला काय जातं, असा त्यांचा हिशेब.

एकदा त्यांनी मला डोह दाखवायला नेलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाची कपार आहे, तिच्यातून उन्हाळ्यातही पाणी पाझरायचं. खाली एका बैलगाडीच्या रुंदीचा डोह, तळाला स्वच्छ वाळू. तिथून वीसेक पावलांवर जुनी गाडीवाट ओढा ओलांडते ती दगडी मोरी, दोन पावसाळ्यांपूर्वी खचलेली. आबांनी मला चपला लांब काढायला लावल्या, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने बसवलं, आणि गप्प राहा म्हणाले. मला बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग वाळूच हलल्यासारखी झाली आणि तिच्यातून एक मातकट, बोटाएवढा मासा निघाला. अंगावर गडद पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. मागोमाग दुसरा. दोघे जरा फिरले आणि परत वाळूत शिरले. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली. एवढ्याशा माशासाठी माणूस रोज उठून पाय ओले करतो, हे मला पटलं नाही. आबांकडे पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत होते, सून बघायला आलेल्या पाहुण्यांकडे मुलीच्या बापाने बघावं तसे.

डोहात उतरायला त्यांचा एकच ठरलेला दगड होता. त्याच्यावरच पाय टेकायचा, तोही सावकाश. दिवसाचा क्रमही ठरलेला. आधी डोह, मग ऑफिस, मग टाकी. टाकीत जंतुनाशक म्हणून टीसीएल पावडर टाकावी लागते. तिला हात लागला की त्या दिवशी आबा डोहाकडे फिरकत नसत, मग कितीही हात धुतले तरी. मी एकदा कारण विचारलं होतं. दोन-तीन महिन्यांनी, ऑफिसात दुसरं कुणी नसताना, आपणहून सांगितलं.

नोकरी नवीन होती तेव्हाची गोष्ट. गावात साथ आली म्हणून जास्तीची पावडर आली होती. त्यातलं एक पोतं भिजून दगड झालं. साहेब म्हणाले, टाकून दे कुठेतरी. आबांनी ते ओढ्यात नेऊन फोडलं, बादल्याही तिथेच खळखळून धुतल्या. तेव्हा ओढा चैत्रापर्यंत वाहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या वळणापर्यंत पाणी पांढरं दिसत होतं. जवळ गेल्यावर त्यांना कळलं, ती सगळी उलटी झालेली पोटं होती. गावाने ऊन फार झालं म्हणून विषय सोडून दिला. आबांनी तोंड उघडलं नाही. फेकल्या जागेच्या वर होता म्हणून हा एक डोह तेवढा वाचला. तेव्हापासून ते त्याचं पाणी मोजत होते.

"कुनालाच ठाव न्हाई," ते म्हणाले, "तुला सांगितलं." मी चहा करून दिला.

पुढे एका कॉलेजचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन ओढे बघत फिरत आले. त्यांनी बाटलीत दोन मासे धरले, उलटसुलट पाहिले, फोटो काढले. आबा बाटलीवर नजर ठेवून उभे राहिले आणि मासे परत पाण्यात सोडायला लावूनच त्यांना जाऊ दिलं. जाताना प्राध्यापक म्हणाले, की आसपासच्या ओढ्यांत आम्हाला हा कुठेच मिळाला नाही, वाळू उपसली की ह्याचं घरच जातं, तुम्ही ग्रामपंचायतीकडे अर्ज करा आणि एवढी जागा तरी राखून घ्या. ह्यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी त्या आठवड्यात माहेरी होते.

मी परतले त्याच दिवशी आबांनी अर्ज आणला. ऊसतोडीच्या टोळ्या दोन दिवसांत निघायच्या होत्या, आणि जाण्याआधी प्रत्येकाला कुठला ना कुठला दाखला हवा होता. दारापर्यंत रांग. पोरं रडतायत, प्रिंटर अडकतोय. आबांनी रांगेत थांबून, आपला नंबर आल्यावर, वहीचं एक पान माझ्यासमोर ठेवलं. पेन्सिलीने लिहिलेलं, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं सावकाश अक्षर. 'वढ्यातली मुरी जपने बाबत. वरच्या खडकाजवळची मुरी संपत आली हाये. दुसरीकडं कुठं ऱ्हायली न्हाई. तिचं संरक्षण व्हावं ही विनंती.'

मुरी हे त्या माशाचं नाव. मी ते कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या कानावर कायम 'मंडळी' पडलेलं. सरकारदरबारी जायचं म्हणून आबांनी पहिल्यांदाच खरं नाव लिहिलं, आणि मला ती शुद्धलेखनाची चूक वाटली. वढ्याचं ओढा केलं, तशी मुरीची मोरी केली. ती खचलेली मोरी डोळ्यांसमोर होतीच. मग वाटलं, मोरी 'संपत' कशी येईल, म्हणून 'खचत आली आहे' केलं. 'दुसरीकडं कुठं ऱ्हायली न्हाई' ह्याचं 'अन्य पर्यायी मोरी उपलब्ध नाही'. संरक्षण तेवढं तसंच ठेवलं. तो शब्द शुद्ध होता.

प्रिंट काढून मी त्यांना म्हणाले, वाचून दाखवू का? मागे लोक उभे होते. आबा म्हणाले, "तू लिवलंय म्हंजे झालं." आणि सही केली.

ग्रामसभेला आबा नव्हते, टाकी भरत होते. तिथे विषय वाचला गेला, रस्त्याचा प्रश्न म्हणून सगळ्यांनी हात वर केले. अर्जात संरक्षण होतं, त्याची वरच्या ऑफिसात मोजमाप होताना संरक्षक भिंत झाली. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि त्यात कुणाचीही काही चूक नव्हती, माझी सोडून. होळीच्या सुमारास मंजुरी आली. मीच आबांना हाक मारून सांगितलं, तुमचा अर्ज मंजूर झाला. ते घरी गेले आणि गुळाची अख्खी ढेप घेऊन आले. ऑफिसात, शाळेत, पारावर, चेष्टा करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला. मला म्हणाले, लई मोठं काम केलंस, सूनबाई. एका मोरीसाठी एवढा गूळ, असं माझ्या मनात आलं. पण आबांचं सगळंच जगावेगळं, म्हणून मी खडा तोंडात टाकला आणि टाईप करत राहिले. त्या दिवशी मी एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं.

काम वैशाखात सुरू झालं. पाणी तेव्हा घोट्याला तीन बोटं कमी होतं. आदल्या संध्याकाळी जेसीबी आणून ठेवला होता, आबांनी तो पाहिलाही होता, पण आपल्या अर्जाचं काम म्हणजे डोहाला कुंपण घालणार असतील अशा समजुतीत ते होते. सकाळी ते पोचले तेव्हा खडकाची कपार फुटलेली होती, भिंतीच्या पायासाठी डोह खणून झाला होता आणि उरलेलं पाणी पंपाने वाळूवर सोडलेलं होतं. तिथे काम करणारे सांगतात, आबा ओरडले वगैरे नाहीत. चावी टाकली आणि मशीनच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. मुकादमाने त्यांना कागद दाखवला. "आबा, अर्जदार म्हनून तुमचंच नाव हाय ह्याच्यावर," तो म्हणाला. तोही बिचारा गोंधळला होता.

अकराच्या सुमारास आबा ऑफिसात आले. कोपरापर्यंत चिखल, हातात बादली. बादलीत गढूळ पाणी आणि त्यात सात मासे, तोंडं पाण्यावर काढून. ती त्यांनी भिंतीशी सावलीत ठेवली. म्हणाले, माझा अर्ज वाच. मी फाईल काढून वाचला. परत वाच म्हणाले. दुसऱ्यांदा 'मोरी' म्हणताना त्यांनी हात वर केला आणि मी थांबले.

"मोरी न्हवं गं," ते म्हणाले, "मुरी. ही, ह्या बादलीतली."

फाईलमध्ये टाईप केलेल्या कागदामागे पेन्सिलीचा कागद टाचलेला होता. मी तो उलटून पाहिला. मग बादलीत पाहिलं.

आबांना तेव्हा माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. बादलीतलं पाणी म्हणजे निव्वळ चिखल होता आणि मासे तडफडत होते. मी उठून माठातला तांब्या भरून आणला. त्यांनी माझा हात धरला. "ह्यात माझीच पावडर हाय," म्हणाले. आणि मग आम्हाला दोघांनाही कळलं, की गावात दुसरं पाणीच नाही. विहिरी तळाला गेलेल्या. नळाला टाकीचं, टाकीत टँकरचं, आणि प्रत्येक थेंबात त्यांनी रोज न चुकता टाकलेली पावडर. ती उडून जाते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी परात मागवून घेतली, तिच्यात पाणी पसरून उन्हात ठेवलं आणि शेजारी उकिडवे बसून मधूनमधून वाकून वास घेत राहिले. वास जायला संध्याकाळ झाली असती. पहिला मासा साडेबाराला उलटा झाला. शेवटचा तीनच्या आत.

मी रडत होते, बडबडत होते. गावाला सांगते म्हणाले, उद्याच्या उद्या सरपंचांपुढे सांगते, माझी चूक आहे. आबा परातीतलं पाणी दारातल्या तुळशीला घालून आले.

"माझ्या हातनं झालं तवा म्या कुनाला सांगितलं न्हवतं," ते म्हणाले. "तूबी सांगू नगं. तुला हितं दिस काढायचेत."

मी हे मान्य केलं. इतक्या चटकन मान्य केलं, की आजही मला त्याची लाज वाटते. त्यांनी माझ्यावर दया केली, की चूक पोटात ठेवून जगायचं कसं हे ज्याला येत होतं त्याने मला ते शिकवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शेऱ्याचा रकाना कोरा राहिला. नळ मात्र वेळेवर येत होते.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही, पण पसरली ती अशी, की आबाला मुरी लिहिता आलं नाही, त्याने मोरी लिहिलं. चौथी शिकलेल्या माणसाबद्दल हे कुणालाही पटण्यासारखं होतं. पारावर नवा विनोद मिळाला. आबांना कुणी तोंडावर विचारलं तरी ते म्हणायचे, व्हय, चुकलं. मी ऑफिसच्या खिडकीतून हे ऐकलेलं आहे, एकदा नाही, पाच-सहा वेळा.

पावसाळ्यात ओढा दोन्ही काठ भरून वाहिला. मोरी मजबूत आहे, भिंतही. शाळेची गाडी आता पुरातही येते, आणि गावाचं भलं झालं हे मला नाकारता येत नाही. पाणी उतरल्यावर आबा रोज ओढा धुंडाळायचे, वरपासून शेवटच्या वळणापर्यंत, प्रत्येक डबक्याशी बसून. कार्तिकापर्यंत त्यांनी ते केलं. काही मिळालं का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. थंडीत दोन दिवस तापाने पडले आणि गेले.

दहाव्याला ओढ्याकाठी मांडव घातला होता. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. मी पेन्सिलीचा तो कागद फाईलमधून काढून पिशवीत घालून नेला होता. सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा असं रात्रीच ठरवलं होतं. माझ्याआधी सरपंच उठले. आबांच्या इमानदारीबद्दल चांगलं बोलले, बिडीची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "आमचा आबा भोळा. मासं वाचवायला निघाला आन् एका अक्षरात गावाला रस्ता करून दिला." मांडव हसला. प्रेमानेच हसला. माझे सासरे हसले, नवरा हसला. निवेदकाने आणखी कुणाला बोलायचंय का विचारलं, तेव्हा मी बसून राहिले.

पांगापांग व्हायला लागली तेव्हा आबांची नेवाशाची मुलगी माझ्याजवळ आली. रडून डोळे सुजलेले. तिने माझा हात हातात घेतला.

"ताई, अर्ज तुमीच टाईप केलाता ना?" ती म्हणाली. "समदी म्हंत्यात ते खरं हाय का? मला न्हाई पटत. मंडळीचं नाव कसं चुकंल त्यांचं?"

माझी पिशवी खांद्याला होती. सासूबाई दोन पावलांवर उभ्या होत्या.

"चुकलं होतं," मी म्हणाले. "त्यांनी मोरीच लिहिलं होतं."